नळी परत भरते का?

माझ्या धाकट्या बहिणीला दहावीला विज्ञानात चौतीस मार्क पडले होते. पस्तीसला पास. पुढं मी परळीतल्या त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि दरवर्षी मूलपेशींचा धडा घेताना मला तिचे ते चौतीस हमखास आठवायचे. बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

हा धडा माझा हातखंडा होता. हाडांच्या पोकळीत थोड्याशा पेशी असतात, त्यांच्यापासून आयुष्यभर रक्त बनत राहतं. मग एखादं पोरगं विचारायचं, "मॅडम, रोज एवढं रक्त बनतंय, तर त्या पेशी संपत कशा न्हाईत?" मी उलट विचारायचे, "तुझी आई रोज दही लावते, विरजण संपलं का कधी?" सगळं दही खायचं नाही, चमचाभर मागं ठेवायचं, हे पोरांना घरूनच माहीत असतं. ही पेशीही तशीच वागते. एकीच्या दोन झाल्या की एक कामाला जाते आणि एक पहिलीसारखीच मागं राहते. ती हे कसं ठरवते, यावर जगभर संशोधक डोकं खाजवत बसलेत. हाडातून काढून बशीत वाढवायला गेलं तर मागं राहायचंच विसरते म्हणे. हे पुस्तकात नव्हतं. मी मोबाइलवर वाचून सांगायचे, कारण विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायची मला खोड आहे.

आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मधला भाऊ, मग ही धाकटी. आई दिवसभर कामाला बाहेर असायची, त्यामुळं भावाला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, त्याची भांडणं मिटवणं सगळं माझ्याकडं. आणि तो खिशात चिक्की आली की मोठा तुकडा धाकटीला द्यायचा. पहिली मोटारसायकल घेतली तेव्हा मी हळदीकुंकू घेऊन दारात उभी, आणि पहिली चक्कर मारायला मागं बसली धाकटी. माझं लग्न झालं नाही, तिचं झालं. ती केज तालुक्यात नांदूरघाटला गेली. तेव्हा मी मनात म्हणाले, आता तरी हा माझा एकटीचा.

माझ्याकडं एकच गोष्ट होती जी तिच्याकडं नव्हती. माझा आणि भावाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, तिचा बी. "अक्काचं आन् माझं रगत येक हाय," असं भाऊ एकदा चेष्टेत म्हणाला होता. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

भाऊ मोटारी भरायचा. बोअरची मोटार जळाली की लोक त्याच्या दुकानात आणायचे, तो जळकी तार काढून नवी गुंडाळून द्यायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर, मांड्यांवर निळे डाग. दोनदा रक्त चढवावं लागलं, दोन्ही वेळा मी दिलं. तरी फरक पडेना, म्हणून पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडांच्या आत रक्त बनणंच बंद पडलंय. दुसऱ्या कुणाच्या मूलपेशी घालाव्या लागतील, सख्ख्या भावंडाच्या जुळल्या तर उत्तम.

मी लगेच बाही वर केली. "आमचा रक्तगट एकच आहे," मी म्हणाले. म्हणे विज्ञानाची शिक्षिका! जुळायचं ते वेगळंच असतं, रक्तगटाशी त्याचा संबंध नाही, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनी तेच मला शांतपणे समजावलं आणि विचारलं, "आतापर्यंत रक्त कुणाचं दिलंत?"

"माझं," मी ताठ मानेनं सांगितलं.

"यापुढं घरच्यांचं नको. आधी घरच्यांचं रक्त गेलं असलं तर नंतर या पेशी रुजायला अडचण येऊ शकते."

मी बाही खाली केली.

रिपोर्ट आले. धाकटी पूर्ण जुळली, मी निम्मी. आईनं तिथल्या तिथं लिंबागणेशच्या गणपतीला हात जोडले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. आईला वाटलं, पोरगी आनंदानं रडतेय. मी चौतीस मार्कांवर रडत होते. डॉक्टर पुढं एक वाक्य बोलले होते, ते माझ्या कानातून जाईना. निम्म्या जुळणाऱ्याच्याही पेशी घालतात, पण जोखीम वाढते. दुसरं कुणी नसेल तरच.

धाकटीची सासू तिला पाठवायला तयार होईना. आई म्हणाली, "तू शिकलेली हायस, तूच जाऊन समजाव." रविवारी मी एसटीनं नांदूरघाटला गेले. सासूबाई तोंडाच्या फटकळ, पण पाहुण्याला उपाशी सोडणाऱ्या नाहीत. मटण केलं होतं. मला पाटावर बसवलं, समोर स्वतः बसल्या. धाकटी चुलीपुढं भाकरी थापत होती.

सासूबाईंनी ताटातली नळी उचलली, चोखली आणि माझ्यापुढं धरली. "मास्तरीणबाई, हिच्या हाडातला मगज काढणार म्हनं. ही बघा नळी, रिकामी झाली. आता भरती का परत? तुमी सांगा. तुमी म्हनाल ते मी मानते. एक लेकरू हाय तिला, उद्या ती पोकळ होऊन पडली तर कुनाच्या तोंडाकडं बघावं त्यानं?"

धाकटीचे हात थांबले. ती माझ्याकडं बघत होती.

हा माझाच धडा होता. मी सांगायला हवं होतं की मावशी, हाड फोडत नाहीत. दंडातून रक्त मशीनमध्ये घेतात, त्यातल्या थोड्या मूलपेशी ठेवून बाकीचं परत देतात. आणि मागं राहिलेल्या पेशी गेलेल्यांची भरपाई करतात, विरजणासारखं. दोन वाक्यांचं काम. दहावीच्या पोरांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

मी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. एक अक्षर बोलले नाही. ही आली नाही तर मी आहे, माझ्या डोक्यात एवढंच होतं. त्याच्या अंगात माझ्या पेशी जातील, निम्म्या तर निम्म्या. त्यात त्याचा जीव जाऊ शकतो हे मला कळत होतं. कळत होतं, तरी मी दुसरा घास घेतला.

घरी येऊन आईला सांगितलं, "सासू ऐकत न्हाई." मी काही सांगितलंच नव्हतं, हे मात्र गाळलं. तीन दिवस मी शाळेत गेले, आले, दोरीवरच्या कपड्यांवरची वीज केंद्राची राख झटकली. तिसऱ्या दिवशी भावाच्या नाकातून रक्त वाहायला लागलं, ते दुपारपर्यंत थांबेना. तो कापूस धरून माझ्याकडं बघून हसला. मी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. मत्सर माणसाला काय करायला लावतो, हे मला त्या दुपारी कळलं आणि कळूनही मी फोन लावला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटी पिशवी घेऊन दारात उभी. लेकरू सासूपाशी ठेवलेलं. सासूबाई स्वतः तिला एसटीत बसवून गेल्या होत्या. कसं काय तयार झाल्या, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मूलपेशी हाडातून रक्तात उतराव्यात म्हणून पुण्यात तिला पाच दिवस सुया टोचल्या. त्यानं हाडं ठणकायची, ही "म्हातारी झाले गं" म्हणून हसायची. मग तिला मशीनला जोडलं. दोन्ही हात अडकलेले, नाक खाजलं की मी खाजवायचं, पाणी मी पाजायचं. शेवटी लालसर पातळ द्रवाची एक लहानशी पिशवी भरली. ती पिशवी ओढून फोडावी असं मला वाटलं. हेही लिहून टाकते.

भाऊ वाचला. दोन वर्षं झाली, दुकानात बसतो, मोटारी भरतो. आता त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, कार्डावर तसं लिहिलंय. "अक्का, मी पार्टी बदलली बरं का," म्हणून मला चिडवतो. मी हसते आणि आत जाऊन भांडी जरा जोरात आपटते.

यंदा आखाडात धाकटीनं आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. तेच घर, तोच पाट. सासूबाईंनी माझ्या ताटात सगळ्यात मोठी नळी घातली. म्हणाल्या, "ह्यो मान तुमचा. तुमच्यामुळंच मी हिला धाडलं."

"माझ्यामुळं?" माझा घास हातातच राहिला.

धाकटी रश्श्याचं पातेलं घेऊन उभी होती. म्हणाली, "तू गेल्यावर ह्यांचा एकच धोशा, मास्तरीण काई बोलली न्हाई, काई बोलली न्हाई. तीन दिवस तेच. मी म्हनलं, आवं, आमची अक्का गप बसली म्हंजे भरतंय. भरत नसतं तर तिनं ताट लाथाडलं असतं आन् मला हाताला धरून घरी न्हेलं असतं. ती मला कशाला मरू देती?"

भाऊ जेवता जेवता मान हलवत होता, जणू यात सांगण्यासारखं काही नाहीच. मला त्या क्षणीही तिचा हेवा वाटला. माझ्या गप्प बसण्यातून एवढं चांगलं काढायला हिला जमलं, आणि मला जन्मभर तिच्या चिक्कीचा तुकडा मोजायलाच जमलं. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"चोखा की, मास्तरीणबाई, निवती," सासूबाई म्हणाल्या.

मी नळी तोंडाला लावली. मगज गरम होता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"लई तिखट झालं का गं, अक्का?" धाकटीनं विचारलं, आणि पातेल्यात तिच्या वाट्याची उरलेली नळी पळीनं उचलून माझ्या ताटात घातली.