तात्यांची डफी भावकी

जगात कुठेही 'डफी' आडनावाचा माणूस नावारूपाला आला, की आमच्या तात्यांना घरचं लग्न पार पडल्यासारखा आनंद व्हायचा. पलूसजवळच्या आमच्या गावात ऊस लावणारा, सैन्यातून हवालदार होऊन परतलेला हा माणूस. आयर्लंडातल्या आडनावाशी याचा काय संबंध, असं गावात नवीन आलेलं कुणीही विचारी. जुन्यांनी विचारायचं सोडलं होतं. मी तर कधीच सोडलं होतं, कारण विचारलं की ऐकावं लागे आणि ऐकलं की पत्र लिहावं लागे.

संबंध असा होता. नोकरीत असताना तात्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर लेबनॉनला गेले होते. तिथल्या तळावर पाण्याचा टँकर भरायचा आणि डोंगरावरच्या चौक्यांना पोचवायचा, हे काम तात्या आणि एक आयरिश शिपाई अशा दोघांकडे होतं. त्या शिपायाचं आडनाव डफी. छातीवरच्या पट्टीवर तेवढंच लिहिलेलं, सगळे हाकही तेवढीच मारत, त्यामुळे त्याचं पाळण्यातलं नाव तात्यांना कधी कळलंच नाही. "तरी लय बोलायचो बाई आमी," तात्या सांगत. "त्यो त्याच्या आईचं सांगायचा, मी माज्या म्हशीचं. कुणाला कुणाचं कळत नव्हतं, पर वेळ जायचा." मग एक दिवस डफी मायदेशी गेला आणि गाठ तुटली.

तो पुन्हा सापडावा असं वाटणं मी समजू शकते. पण त्यासाठी तात्यांनी जो मार्ग काढला, तो आमच्याच गावच्या माणसाला सुचावा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरं एका आडनावाची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की दिवस मावळायच्या आत सगळ्या भावकीला ठाऊक. आयर्लंडातही असंच असणार, हे तात्यांनी धरूनच टाकलं होतं. कुठल्याही एका डफीला पत्र गेलं की तो ते बरोबर आपल्या डफीपर्यंत पोचवील. साध्या माणसाचा पत्ता मिळत नाही, म्हणून नामांकित डफी शोधायचे. शोधायचे तात्यांनी, लिहायचं मी. हायस्कुलात इंग्रजी शिकवते, हा माझा गुन्हा.

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून आणि पुढे मोबाइलवरून तात्यांनी दहा डफी जमवले. हृदयाचं ऑपरेशन करणारा एक, मोठे पूल बांधणारा एक, सायकलच्या शर्यती जिंकणारा एक. शेतातल्या शेवाळावर संशोधन करणारी एक बाई, घोडे पाळणारी दुसरी. एक गायिका, एक स्वयंपाकी. एका वहीत प्रत्येकाचं पान होतं आणि पानावर तात्यांचा शेरा. गायिकेच्या पानावर 'आवाज बरा, पण अंगावर मूठभर मांस नाही' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. शेवाळवाल्या बाईंना कसलंसं पदक मिळालं तेव्हा तात्यांनी शाळेत येऊन पेढे वाटले. हेडमास्तरांनी विचारलं, "कोण तुमची?" तात्या म्हणाले, "आमच्या डफीची कोणतरी लागत आसंलच की." सायकलवाला पडून त्याचं हाड मोडलं, तर मला भर दुपारी बोलावून 'तब्येतीला जपावे' असं लिहून घेतलं. एकदा पैसे खाऊन पकडलेला एक डफीही बातमीत आला. मला वाटलं, आता हे गप्प बसतील. "आसतोय भावकीत येखादा," एवढं बोलून त्यांनी त्यालाही पान दिलं.

उत्तरं फारशी येत नसत. आली ती आभाराची, दोन ओळींची. शेवाळवाल्या बाईंनी मात्र सविस्तर लिहिलं की डफी आडनावाची माणसं हजारोंनी आहेत, त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. मी वाचून दाखवलं. सुटले एकदाची, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. तात्या म्हणाले, "नातं न्हाई म्हंत्यात? मग मयताला कोण जातंय?" पुढच्या आठवड्यात नवीन पत्र लिहिलं.

मी एकदा म्हटलंही, "तात्या, आयर्लंडच्या सैन्यालाच विचारू या. त्यांच्याकडे नोंद असेल." तात्यांचा चेहरा उतरला. "सरकारी कागूद नगं बाई. घरच्या मान्सांकडनंच जाऊ द्या." मला वैताग आला होता. पेपर तपासायचे, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यात हे. तेव्हा कारण विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

कारण कळलं ते गेल्या उन्हाळ्यात, सांगलीच्या दवाखान्यात. तात्यांची किडनी गेली होती. मी दुपारच्या एसटीने भेटायला गेले. वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, कॉटशेजारी बसून मोसंबं सोलत होत्या. तात्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, आता खरं पत्र लिवा. टँकरचा व्हॉल मी उगडा ठिवला व्हता. समदं पाणी वाळूत गेलं. वरच्या चौकीवरची पोरं दिसभर उनात बिनपाण्याची. येकजण चक्कर यिऊन पडला. सायबानं दोगास्नी हुबं केलं आन् इचारलं, कुणी केलं? डफीनं माज्याकडं बगितलं."

"त्याला माहीत होतं?"

"व्हय. त्याच्यासमूरच मी हात लावला व्हता व्हॉलला. मी गप ऱ्हायलो. हवालदारीचा कागूद निगायचा व्हता माजा. त्यानं मान खाली घातली. त्यालाच घरी धाडलं."

वहिनींचा हात थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"लिवा, पाणी मी घालवलं, डफीचा दोष न्हाई. समद्या धा जणास्नी धाडा. ही एवडी मोठी मान्सं त्याच्या भावकीत. त्यांच्यात त्याचं नाव खाली गेलं आसंल. माज्यामुळं."

मला रडू आलं. एवढी वर्षं मी ज्याला म्हाताऱ्याचा छंद समजत होते, ते हे होतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळेतच मी ते लिहून काढलं. दहा प्रती केल्या, पाकिटांवर पत्ते घातले. आता पलूसला पोस्टात जाऊन वजन करून टाकायची, एवढंच राहिलं होतं.

आणि तेवढंच राहिलं. पहिल्या दिवशी परीक्षेचं काम निघालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना ताप. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, पण मी थकले होते. घरी आले ती चप्पल न काढता ओट्यापाशी तशीच बसून राहिले. तात्यांचा रोज फोन यायचा. "गेलं का, बाई?" उद्या जातंय, उद्या जातंय, असं म्हणून मलाच लाज वाटायला लागली. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "गेलं तात्या." तात्या म्हणाले, "लय उपकार झालं." त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. आठवड्याने ते गेले. शांत गेले, असं सगळे म्हणतात.

एकदा 'गेलं' म्हणून सांगून टाकलं की पाकिटं नेऊन टाकणं आणखीच जड होतं, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्या कपाटात साड्यांखाली पडून राहिली.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. हातात तात्यांची वही होती. "ह्या समद्यास्नी कळवाय पायजे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या लेखी ही भावकीच व्हती. मयत झाल्यालं कळवाय नगं?"

मी चहा ठेवला. वहिनींनी वही उघडून मांडीवर घेतली. त्यांना वाचता येत नाही, तरी एकेक पान उलटत होत्या.

"ते दवाखान्यातलं पत्र पोचलं आसंल न्हवं आता?"

पोचलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. विचारणारं माणूसच गेलं होतं. गॅस बंद करून मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"नाही वहिनी. माझ्याकडेच राहिलं. त्यांना मी खोटं सांगितलं."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. ओरडतील असं वाटलं, त्या ओरडल्या नाहीत. पदराने डोळे पुसले, वही मिटली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मग आता दोगांचं मिळून लिवा, त्यांचंबी आन् तुमचंबी," त्या म्हणाल्या.