बंदुकीच्या दारूला ऊन

नऊ वर्षांपूर्वी मी एक खोटं बोललो. कुणी पकडलं नाही.

काकांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. उडवलेली काडतुसं ते घरीच पुन्हा भरत. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, की ओळखीच्या शेतावर जाऊन त्यातलं एक उडवायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांनी काडतुसांच्या दारूचा जुना डबा माझ्यापुढे ठेवला. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीवर होतो, असल्याच मालाला पास-नापास करायचो.

झाकण काढताच आंबट, नाकाला झोंबणारा वास आला. कागदावर जरा ओतली, तर दाण्यांबरोबर तांबूस भुकटी पडली. कारखान्यात एवढ्यावर मी सगळी खेप बाद केली असती.

"काय साहेब, पास का फेल?" काका म्हणाले. "का इथेही कमिटी बसवून राहिला?"

बैठकीतले पाहुणे हसले. मीही हसलो.

"दमट झालीय थोडी," म्हणालो. "ऊन दाखवा."

पापडांना सांगावं तसं. ऊन लागून ती आणखी बिघडते आणि अशी दारू नळीही फाडू शकते, हे मला पाठ होतं.

दसऱ्याला शेतावर बंदुकीची नळी फाटली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात जो तो म्हणे, म्हाताऱ्यानं दारू जास्त भरली. काकाही म्हणाले, "माझाच हात चुकला." मी पलंगाशेजारी उभा होतो. मान हलवली.

बंदुकीचं जे राहिलं ते ओमती पोलीस ठाण्यात जमा झालं. डब्याचं कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर काकांच्या मुलीचा फोन आला. "दादा, मागची खोली साफ करून राहिले. बाबांचा तो दारूचा डबा निघाला, अर्धा आहे. बाबांचे एक दोस्त मागून राहिले, त्यांच्याकडे बंदूक आहे ना. तू तेव्हा चांगली म्हणाला होतास. देऊन टाकू?"

"हात लावू नको. मी येतो."

मदन महलहून शहरातल्या शहरात गोरखपूरला, काकांच्या मोहल्ल्यात, पोचेपर्यंत तिनं डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला होता. शेजारी गॅसवर चहा उकळत होता. मी गॅस बंद केला आणि काकांसकट सगळ्यांना अंगणात काढलं.

काकांचे दोस्त थैली घेऊनच आलेले. "अरे भैया, उस समय तो आप ही ने पास किया था!"

"नऊ वर्षांत खराब झाली असेल," बहीण म्हणाली. "तेव्हा चांगली होती. नाही का दादा?"

किती सोपं होतं. पुन्हा एकदा मान हलवायची. डबा ठाण्यात गेला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं.

"तेव्हाही खराबच होती," मी म्हणालो. "मला वासावरून कळलं होतं. काका, तुमचा हात चुकला नव्हता."

काका खुर्चीवर बसले होते. त्यांनी डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांकडे पाहिलं.

"मंग काहून नाही बोललास?"

"सगळे हसत होते, म्हणून."

एवढंच खरं कारण होतं. उच्चारल्यावर ते फारच लहान वाटलं.

"मी या हाताला नऊ वर्षं शिव्या देऊन राहिलो," काका म्हणाले. मग मुलीकडे वळले. "ठाण्यात फोन लाव. आणि याला सांग, शिपाई येईपर्यंत फाटकाशी थांब. घरात येऊ नको."

मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.