पालथं सूप

माझी थोरली बहीण कमळी फार सोशिक होती, असं म्हणणाऱ्यांनी जरा माझ्यासमोर येऊन म्हणावं! सोशिक कसली, डूख धरणारी होती. मी तिची धाकटी आवडी. मला नाय ठाऊक तर कोणाला?

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. कमळी दहाव्या वर्षापासून मूर्तींचे डोळे काढायची. एकदा निडी गावचा दत्तात्रेय गणपती न्यायला आला आणि त्याचा धक्का लागून दुसऱ्याच मूर्तीचं बोट तुटलं. कोणी बघितलं नव्हतं. तो आपणहून बाबांना म्हणाला, "माझ्या हातून मोडलं, काय ते सांगा." बाबांनी त्याची शेतीवाडी विचारली नाय, घर बघितलं नाय. "माणूस खरा हाय," म्हणाले आणि कमळी देऊन टाकली. अडुसष्ट सालची गोष्ट.

घर बघायला हवं होतं. घरात सासू होती, सीताबाई.

त्या घरची गौर म्हणजे तेरड्याची रोपं आणि त्यांवर मातीचा मुखवटा. मुखवटा दरवर्षी नव्याने रंगवायचा, पण डोळे काढायचे ते गौर उंबऱ्याच्या आत आल्यावर आणि घरच्या थोरल्या बाईनेच. गौरीने डोळे उघडल्यावर पहिलं आपलं घर बघावं म्हणून. हे कमळीला कोणी सांगितलं? कोणीच नाय. सासू एवढंच म्हणाली, "मुखवटा रंगव." आता आमच्याकडे डोळ्यांवाचून मूर्ती रंगवून झाली, असं कोण म्हणतं? हिने डोळेही काढले आणि मुखवटा मागच्या दारी, उकिरड्यासमोर वाळत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा पहिला ववसा. नव्या सुनेने सूप भरून गौरीला ओवाळायचं आणि सासूच्या हातात द्यायचं. सासूने घेतलं की सून घरची झाली. सुपं पेणहून मीच नेली होती, एसटीत मांडीवर सांभाळत. गावच्या बायका जमल्या. गौर आत आली, सीताबाईने मुखवट्यावरचं फडकं काढलं आणि किंचाळली, "अगो अवदसे, माझ्या गौरीने पहिला उकिरडा बघितला!" कमळीच्या हातातलं सूप तिने हिसकलं आणि जमिनीवर पालथं घातलं. नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी चौदा वर्षांची, पण वाटलं, हाच नारळ म्हातारीच्या टाळक्यात हाणावा.

दत्तात्रेयाने सूप उचललं, एकेक सुपारी वेचून भरलं. आईला म्हणाला, "हिचं सूप तू घेशील त्या वर्षी मी गौरीपुढे बसेन." आणि ओट्यावर जाऊन बसला. माझं टाळकं फिरलं. एवढंच? अरे, परत पेणला घेऊन चल ना तिला! पण तो माणूस दरवर्षी गौरीच्या दिवशी उपाशी ओट्यावर बसला. एकोणीस वर्षं. आईशी भांडला नाय, शब्द मोडला नाय. बाबांनी एका बोटावरून माणूस ओळखला होता, हे मला कबूल करावं लागतं.

कमळीने घरच्या सगळ्या रीती उचलल्या. त्यांच्यासारखं कालवण करायला शिकली, मिठागरावर राबली, सासूचे पाय चेपले. फक्त कुंचला हातात धरला नाय. "मागेल ती एक दिवस," मला म्हणायची. "चारचौघींत मागेल."

पुढे सीताबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका वर्षी गौरीचा एक डोळा थेट कपाळात गेला आणि गावभर हसू झालं. पुढच्या वर्षी मी मुद्दाम निडीला गेले. गौर आत आली, कोऱ्या तोंडाची. सीताबाईने कुंचला उचलला, बोटांनी मुखवटा चाचपला आणि कुंचला तसाच खाली ठेवला.

"कमळे," ती शेवटी म्हणाली, "तू काढ गो."

मी कमळीच्या कानात म्हटलं, "नको काढूस. बसू दे गौर तशीच." खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं.

कमळी आत गेली आणि सूप घेऊन आली. तेच, अडुसष्टचं, दरवर्षी सारवून जपलेलं आणि आज भरलेलं. सासूपुढे उभी राहिली, पण हातात दिलं नाय.

"आधी हे घे, आय. आणि त्या दिवशी चूक कोणाची होती, ते या बायांना सांग."

म्हातारी हवेत हात चाचपडत राहिली. "मी हिला रीत सांगितलीच नव्हती," ती म्हणाली. "चूक माझी. दे गो सूप."

कमळीने तिला आणखी थोडं चाचपडू दिलं, मग दिलं. माझा जीव कसा गार झाला म्हणून सांगू!

मग तिने डोळे काढले. एकोणीस वर्षांत हात विसरला नव्हता. दत्तात्रेय ओट्यावरून उठून आत आला आणि गौरीपुढे बसला.

"झाले का?" सीताबाईने विचारलं. "काय दिसलं गो तिला पहिलं?"

"इतकी वर्षं तू दिसत होतीस," कमळी म्हणाली. "आज मी दिसले."