आमच्या फ्लॅटचं मत

माझा नवरा आयुष्यभर मतं मोजत आला. आधी परराष्ट्र खात्यात, मग आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तिथल्या न्यायाधीशालाही निवडून यावं लागतं, आणि मतं देतात ती सरकारं. ह्यांच्या निवडणुकीच्या वर्षी परदेशातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या देशाचा राजदूत जेवायला असे. मी वाढायची, हसायची, आणि पाहुणे गेले की हे वहीत टिपून ठेवायचे. लेखी वचन म्हणजे पाऊण मत, तोंडी म्हणजे अर्धं, आणि जेवणाची फारच स्तुती केली तर शून्य.

अशाच एका राजदूताच्या बायकोला आमच्या दिवाणखान्यातली पेटी आवडली. माझ्या आईची पेटी. आईने तिच्यावर आमच्या बेंगळुरूच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांना भजनं शिकवली होती. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर पेटीची जागा रिकामी. ह्यांनी ती रेशमी फीत बांधून ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली होती. "अगं, एका मताचा प्रश्न आहे," म्हणाले. त्या देशाने मत दुसऱ्यालाच दिलं. हे तरीही निवडून आले. वाद घालण्याऐवजी मी पेटीच्या जागी कुंडी ठेवली. आमच्यात वाद झाला की हे दोन्ही बाजू इतक्या नीट मांडत, की माझी बाजूसुद्धा मला त्यांच्याच तोंडून ऐकावी लागे.

मुदत संपल्यावर आम्ही परत आलो ते बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरला. फ्लॅट माझ्या नावावर, कारण तो माझं माहेरचं घर विकून घेतलेला. देशादेशांचे तंटे सोडवलेल्या माणसाला इथे पार्किंगच्या भांडणातही कोणी विचारेना. वॉचमन मला "नमस्कार अक्का" म्हणे आणि ह्यांच्यापुढे व्हिजिटरची वही सरकवी. ते फार लागलं त्यांना. म्हणून असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर पुण्याहून आलेला, आयटीतला, तिशीतला मुलगा. ह्यांनी पुन्हा वही काढली.

ह्यांच्या अर्जावर अनुमोदक म्हणून सही होती समोरच्या फ्लॅटमधल्या काकांची. काका नागपूरचे, बायको गेलेली. मुलाजवळ राहता यावं म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी इथे फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत मुलगा अमेरिकेला गेला. अख्ख्या इमारतीत ह्यांच्याशिवाय त्यांना बोलायला माणूस नव्हता. रोज सकाळी दोघं नाकाला रुमाल लावून इथल्या घाण तळ्याच्या बाजूने फिरून येत. तेवढ्यावर काकांचा दिवस निघे.

मतदानाच्या आठवडाभर आधी ह्यांनी क्लबहाऊसमध्ये सगळ्यांना चहाला बोलावलं आणि रंगात येऊन पेटीचा किस्सा सांगितला. "पेटीही गेली आणि मतही गेलं!" लोक पोट धरधरून हसले. मीसुद्धा हसले, आणि हसता हसताच काय करायचं ते ठरवलं.

आमच्याकडे फ्लॅटमागे एक मत, आणि ते मालकाचं. म्हणजे आमच्या घरात मत मला होतं, ह्यांना नव्हतं. मी पुण्याच्या मुलाच्या नावासमोर फुली मारली, चिठ्ठीची घडी घातली आणि डब्यात टाकली. हे एका मताने पडले. मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी पाठ वळवून पेलाभर पाणी प्यायले. "सर, नो हार्ड फीलिंग्ज हं," असं म्हणून तो मुलगा ह्यांचा हात हलवून गेला.

त्याच संध्याकाळी लिफ्टपाशी ह्यांनी काकांना गाठलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अहो साहेब, मी तुम्हालाच दिलं ना जी!"

"पुरावा?"

गुप्त मतदानाचा पुरावा तो माणूस कुठून आणणार? मी दोघांच्या मध्ये भाजीची पिशवी घेऊन उभी होते. लिफ्ट आली, आम्ही दोघं आत शिरलो, काका बाहेरच राहिले.

ह्यांनी काकांशी बोलणं बंद केलं. काका एकदा संत्रा बर्फी घेऊन आले. "हे झोपलेत," मी म्हटलं. आतून टीव्हीवरच्या बातम्या बाहेर ऐकू येत होत्या. "वहिनी, तुम्ही तरी सांगून पाहा ना त्यांना," ते म्हणाले. "स्वल्प शांत होऊ देत, मग सांगते," असं म्हणून मी बर्फी ठेवून घेतली. ती आम्ही दोघांनी खाल्ली.

पुढे ते एकटेच फिरायला जाताना खिडकीतून दिसायचे. मग तेही दिसेनासे झाले. चार महिन्यांनी फ्लॅट विकून ते नागपूरला गेले, जिथे आता त्यांचं कोणीच उरलेलं नव्हतं. निरोप घ्यायला आले तेव्हा ह्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही.

त्या दिवशी जेवताना मी सांगून टाकलं. "तुमच्याविरुद्ध मत मी दिलं होतं."

"माहीत आहे," हे भात कालवत म्हणाले. "निकाल लागला तेव्हा हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. तू एकटी बघत नव्हतीस."

"मग काकांचा काय गुन्हा?"

"काही नाही. पण कोणावर तरी रागावायला हवं होतं, आणि तुझ्यावर रागावून मी जाणार कुठे? घर तुझं आहे." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी दोषी आहेच. पण तू इतके महिने गप्प का राहिलीस?"

मी आमटी वाढायला उठले. उत्तर माझ्याजवळ होतं. आयुष्यभर न्यायाच्या गोष्टी करणाऱ्या ह्यांनी एका निर्दोष माणसाला शिक्षा दिलेली बघायला मला आवडत होतं.