कौलारू मार्केटमधली चार दुकानं

किस्से साठवावे लागत नाहीत, साठत जातात! चार दुकानदार वर्षानुवर्षं एका छपराखाली बसले की रोज काहीतरी घडतंच. डहाणू रोडला आमचं कौलारू मार्केट होतं. त्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, शेजारी हसमुखभाईंचं कापडाचं, मग चिंचणीचे टेलरमास्तर आणि टोकाला बांगड्यावाल्या सुनंदाताई. २०१७ साली ते पाडलं. मला त्याचा राग आजही आहे.

*

मुळात ती चिकूची वखार. पुढे वखार हलली, मधे लाकडी पार्टिशनं पडली आणि दुकानं आली. एकदा मुंबईचे एक आर्किटेक्ट सागवानी तुळया बघून भारावले. "केवढं जुनं असेल हो हे?"

हसमुखभाई म्हणाले, "वरस मला नाय माहीत. पण माझे दादा, बापाचे बाप, इथे दुकान लावायला आले ना, तेव्हापण गळत होतं!"

*

पार्टिशनं अर्धवट उंचीची. वरोरची एक बाई हसमुखभाईंकडे ब्लाउजपीससाठी घासाघीस करत होती. पलीकडून मास्तर ओरडले, "ताई, थोडं जास्त घ्या. एवढ्यात बसणार नाही!"

"तुम्ही मला बघितलं तरी कुठे?"

"बघितलं नाही. पण भाव पाडताना श्वास केवढा घेता, ते ऐकलं ना!"

*

मग 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागली, नेमकी हसमुखभाईंच्या खांबावर. त्यांनी तिच्यावर साड्या टांगल्या. आठवड्याने पालिकेचे साहेब आले. "नोटीस कुठाय?"

"आहे ने साहेब! वरच्या तीन साड्या घ्या, खाली दिसेल!"

*

मालकाने जागा बिल्डरला दिली. बिल्डरचा माणूस गोड बोलायला आला. "नवीन गाळे मिळतीलच. तोवर दोन-तीन वर्षं आराम करा."

सुनंदाताई उसळल्या. "आराम? अरे दादा, तुझी बिल्डिंग होईपर्यंत तालुक्यातली लग्नं थांबणार आहेत का?"

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी ठरवलं, जायचं, पण पांगायचं नाही. समोर चिंचेखाली ओळीने बसायचं आणि एक दिवसही धंदा बंद ठेवायचा नाही.

*

पाडायच्या दिवशी सकाळीच जेसीबी आला. आम्ही तिघांनी सामान आदल्या दिवशीच हलवलं होतं. हसमुखभाई मात्र अगरबत्ती लावून गादीवर बसलेले. मागे रिकामी कपाटं, पुढ्यात टॉवेलांचा एक गठ्ठा.

"शेठ, बाहेर या!" बिल्डरचा माणूस ओरडला.

"बोहनी झाल्याशिवाय माझ्या बापानेपण दुकान बंद नाय केलं. मी नाय करणार."

रस्ता दोरी लावून अडवलेला. गिऱ्हाईक येणार कुठून? आम्ही समोर उभे.

शेवटी जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढून दुकानात आला. "काका, एक टॉवेल द्या. लाल."

हसमुखभाईंनी टॉवेल झटकून दाखवला, घडी घालून कागदात बांधला. नोट कपाळाला लावली, गठ्ठा उचलला आणि पायऱ्या उतरले. ड्रायव्हर पुन्हा जेसीबीवर चढत होता. त्याला म्हणाले, "रंग गेला तर घेऊन ये हां, बदलून देईन! उद्यापासून समोर, चिंचेखाली!"