पुढचा स्टॉप

माझ्या एका मित्राला आम्ही ‘पुढचा स्टॉप’ म्हणायचो, कारण तो राहायचा उपनगर नावाच्या स्टॉपजवळ आणि उतरायचा त्यापुढच्या दत्तमंदिरला. नव्वदच्या दशकातली शालिमार-नाशिक रोड शहर बस. कंडक्टर विचारायचा, “उपनगर आहे का कुणी?” ‘आहे’ म्हटलं तरच बस थांबायची. पण सगळी बस वळून आपल्याकडे बघेल, या विचारानेच ह्याचे कान लाल व्हायचे आणि उपनगर मागे पडायचं. मग दत्तमंदिरला गर्दीबरोबर उतरून स्वारी उलटी चालत घरी.

“माणसांची एवढी भीती?” मी एकदा विचारलं.

“माणसं आवडतात रे. फक्त सगळी एकदम नकोत.”

मला हे कुठलं पटायला! लाजणं हा आजार आणि मी त्यावरचा डॉक्टर, अशी माझी समजूत. मी नाशिक रोडला राहायला गेलो, रोज त्याच्याच बसने येऊ लागलो आणि इलाज सुरू केला. उपनगर आलं की मीच ओरडायचो, “थांबवा हो, आमचे साहेब उतरतायत!” साहेब उतरायचे. मागून मान खाली घालून एक मुलगीही उतरायची आणि दोघं दोन दिशांना चालू लागायचे. एका आरोळीत दोघांचं कल्याण केलं म्हणून माझी कॉलर ताठ.

साहेबांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस पडत चालला. शेवटी मला चहाला नेऊन, बशीकडे बघत तो म्हणाला, “तू उद्यापासून बसमध्ये झोपशील का?”

“का?”

“तिलाही ‘आहे’ म्हणता येत नाही. दत्तमंदिरहून आम्ही बरोबर चालत यायचो. घरी तिच्यासाठी स्थळं बघतायत. माझं विचारायचं राहिलंय.”

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून असा घोरायला लागलो, की कंडक्टर मलाच हलवून उठवायचा.

पुढे एकदा त्याला गाठून विचारलं, “विचारलंस?”

“नाही. तिनेच विचारलं.” कान लालबुंद. “म्हणाली, उद्या अजून एक स्टॉप पुढे जायचं का?”

लग्नाच्या फोटोत दोघंही आपापल्या पायांकडे बघतायत.

काही वर्षांनी त्याची जळगावला बदली झाली. सामान चढवायला मी एसटीत शिरलो, वहिनींची नेहमीसारखी थट्टा करत बसलो आणि गाडी सुटली. ‘थांबवा’ एवढंच म्हणायचं होतं. पण या दोघांना सोडून उतरायचं, या विचाराने माझी ती आरोळी काही निघेना. मी त्या दोघांकडे आशेने बघितलं. दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

तिघंही गुपचूप पुढच्या स्टॉपपर्यंत, ओझरपर्यंत गेलो.