कप्तानताईंची खुंटी

कप्तानताई कोणालाही माफ करत नसत. धरमपेठेतल्या त्यांच्या घरी दारामागच्या भिंतीत एक जाडजूड लोखंडी खुंटी ठोकलेली होती. तिच्या डोक्यावर मैदान आखायच्या फक्कीचा पांढरा थर तसाच होता. कोणी तिच्यावर पिशवी टांगायला गेलं की ताई म्हणत, "तिच्यावर नको टांगू वं. ती मी एका माणसासाठी राखून ठेवली आहे."

तो माणूस म्हणजे एका क्रीडा मंडळाचा चिटणीस. आणीबाणीच्या आदल्या वर्षी त्यांच्या मैदानावर आमचा कबड्डीचा सामना होता. ताई कप्तान, मी उजवा कोपरा सांभाळायची. आदल्या दिवशी तिथेच मंडप घालून चिटणीससाहेबांचा सत्कार झाला होता. ताई चढाईला गेल्या, एक गडी मारून परतताना रेषेजवळ डाव्या गुडघ्यावर पडल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांच्या खाली मंडपाची खुंटी होती, दोन बोटं वर आलेली. फक्कीची रेघ तिच्यावरूनच मारली होती. तो गुडघा पुन्हा कधी वाकला नाही.

मंडळाकडे आमच्या सह्यांचे फॉर्म होते. खेळताना इजा झाल्यास मंडळ जबाबदार नाही, असं त्यावर छापलेलं. चिटणीस सगळ्यांना तेच दाखवायचे. ताईंचं उत्तर ठरलेलं असे, "पडाले सही केली होती मी. खुंटीवर पडाले नाही." मग त्यांनी दावा लावला.

कोर्टात चिटणीसांनी लेखी दिलं की सगळ्या खुंट्या आदल्या दिवशीच काढल्या होत्या, ही कुठून आली ठाऊक नाही. तारखांवर तारखा पडल्या. मध्येच निरोप आला की दावा मागे घ्या, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. ताई म्हणाल्या, "शालीनं गुडघा वाकते काय? त्यानं कोर्टात उभं राहून सांगावं, खुंटी होती म्हणून. मले दुसरं काही नको." वकिलांनाही तडजोड बरी वाटत होती. ताईंनी वकीलच सोडला.

एकदा मी न सांगता त्यांच्याकडे गेले, तर ताई खुर्ची धरून तो पाय वाकवू पाहत होत्या. घामाने चेहरा भिजला होता. मला पाहून त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्याले मी सोडत नाही," एवढंच बोलल्या. त्या दिवसापासून मीही त्या माणसाचं वाईट चिंतू लागले, आणि ते मी मनापासून केलं.

चिटणीसांची उलटतपासणी घ्यायला ताई स्वतः उभ्या राहिल्या. चिटणीस मूळचे काटोलकडचे, पण चारचौघांत पुस्तकी मराठी बोलायचे. रागावले की मात्र आपल्या बोलीवर यायचे, हे ताईंना माहीत होतं. खुंटा हलवून बळकट करावा तसा त्यांनी एकच प्रश्न पाच वेळा विचारला. पाचही वेळा "सर्व खुंट्या काढण्यात आल्या होत्या" असं शुद्ध उत्तर आलं. मग ताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मंग सामन्याच्या सकाळी तुमचे मानसं मैदानावर काहून होते? झोपून राहिले होते काय?"

चिटणीस भडकले. "झोपून नाही, खुंट्या काढूनच राहिलो होतो आम्ही. पाहुणे आले, तं सामन्याची शिट्टी माराले लावली."

न्यायाधीश पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "काढून राहिलो म्हणजे?"

"म्हणजे काम चालू होतं साहेब," ताई म्हणाल्या. "संपलं नव्हतं." न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं. चिटणीस रुमालाने मान पुसत राहिले.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. पुढे मंडळाच्या निवडणुकीत चिटणीस पडले, त्या दिवशी ताईंनी अख्ख्या गल्लीत संत्री वाटली, तीही काटोलची. मी दोन मागून घेतली. पुरावा म्हणून जमा केलेली आणि कोर्टाने परत दिलेली ती खुंटी मात्र त्यांनी भिंतीत ठोकून घेतली. "माझा खेळ त्यानं हिच्यावर टांगला," त्या म्हणत. "एक दिवस त्यालेही काही तरी टांगू दे."

ताई गेल्या त्या उन्हाळ्यात चिटणीस भेटायला आले. पार म्हातारे झाले होते. छत्री कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. मी दार थोडं लोटलं आणि मागची खुंटी दाखवली. "टांगा ना. ताईंनी तुमच्यासाठीच राखून ठेवली होती."

त्यांनी तो पांढरा थर पाहिला आणि खुंटी ओळखली. नाही म्हणायची सोय नव्हती, घर माणसांनी भरलेलं होतं. त्यांनी छत्री टांगली, ताईंच्या फोटोला हात जोडले आणि तसेच निघाले. छत्री तिथेच राहिली. बाहेर मे महिन्याचं भर दुपारचं ऊन होतं. मी हाक मारली नाही.